मोठ्या बाईंचा रतीब

मोठ्या बाईंचा विषय निघाला की आमच्याकडचे शिक्षक अजून हसतात. "त्या ग्रुप सोडलेल्या बाई ना?" असं म्हणतात आणि चहाचा घोट घेता घेता एकमेकांकडं बघतात. मला त्या हसण्याची चीड येते. मी चारचौघांत तोंडावर सांगते, बाबांनो, ग्रुप सोडला म्हणून हसता, पण बाई शाळेच्या गावात राहत होत्या त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. मुख्यालयी, म्हणजे शाळेच्या गावीच, राहतो म्हणून दर साली आपण सगळेच सही करतो आणि संध्याकाळी परभणीला पळतो. मीही पळायचे, माझी स्कूटी होती. बाई आमच्या मुख्याध्यापिका, त्या मात्र खरंच गावात खोली करून राहायच्या, आणि त्या कागदावर सही करताना मुद्दाम जाड पेन घ्यायच्या.

गाव पेडगावच्या पुढं, फाट्यावरून आत. शाळा सातवीपर्यंत. बाईंचं माहेर वालूरचं, त्यामुळं बोलणं आमच्याच वळणाचं. ठेंगण्या, आवाज खणखणीत, सुती साडी आणि पायात कायम पुरुषी सँडल. गाव त्यांना मोठ्या बाई म्हणायचं आणि मला बारक्या बाई. मी त्यांच्यापेक्षा चांगली हातभर उंच होते, पण ते कुणाच्या खिजगणतीत नव्हतं.

सकाळी परिपाठाच्या आधी त्या शाळेच्या गच्चीच्या जिन्यात बसलेल्या असायच्या. गावात रेंज म्हणावी अशी तिथंच यायची. मांडीवर जुना लॅपटॉप, बाजूला बिनदुधाचा चहा. मी नवीनच रुजू झाले होते. विचारलं, बाई, काय बघताय.

"रतीब आला का बघायलेय," म्हणाल्या. आणि मला शेजारी बसायला जागा केली. "तुमी बातम्या कुठून घेता?"

"फोनवर येतात की."

"येतात म्हंजे? कोण आणून टाकतं?"

येतात, बघतो, पुढं पाठवतो. त्याच्या पलीकडं मी कधी विचार केला नव्हता.

"कुणीतरी आणून टाकलेला कडबा आपण जनावराला बी घालत न्हाई, आधी वास घेतो," बाई म्हणाल्या. "आन् डोक्यात मात्र खुशाल घालून घेतो."

मग त्यांनी मला फीड शिकवलं. पडद्यावरची एक नारंगी खूण दाखवली, कोपऱ्यात ठिपका आणि त्याच्यावर दोन कमानी. म्हणाल्या, ही खूण जिथं दिसेल तिथं रतीब मिळतो. कित्येक संकेतस्थळं मागच्या दाराला एक साधी यादी ठेवतात, नवीन काय टाकलं, केव्हा टाकलं, कुठं आहे. त्या यादीला फीड म्हणायचं. आपण फीड वाचणारं एक ॲप घ्यायचं आणि त्यात त्या यादीचा पत्ता टाकायचा, बस. ते ॲप अधूनमधून सगळ्या दारांना जाऊन येतं, नवीन काही असलं की आणून आपल्यापुढं ठेवतं. आपण कुणाला नाव सांगायचं नाही, फोन नंबर द्यायचा नाही. खूण नसली तरी पत्त्याच्या शेवटाला ‘फीड’ एवढा शब्द जोडून बघायचा, बऱ्याचदा दार उघडतं. कुणाचं दूध घ्यायचं ते आपण ठरवायचं आणि नको झालं की बंद करायचं, म्हणून तो रतीब. "आन् मुख्य म्हंजे, कोण पितंय हे घालणाऱ्याला कळत न्हाई," असं त्या फार समाधानानं सांगायच्या. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढं ते त्यांनाच बाधलं.

त्यांचे रतीबही नमुनेदार. हवामानाचा होता, शेतकी विद्यापीठाच्या सल्ल्याचा होता, खात्याच्या आदेशांचा होता. परिपाठात प्रार्थना झाली की त्या पावसाचा अंदाज वाचून दाखवायच्या, तेव्हा कुंपणाच्या बाहेर चारदोन शेतकरी सायकल धरून उभे असायचे. ‘तुमच्यासाठी निवडलेलं’ असं पडद्यावर काही आलं की मात्र त्यांचं डोकं फिरायचं. "मला काय आवडतं हे सांगणारा तू कोण रे?" असं त्या लॅपटॉपला मोठ्यानं विचारायच्या आणि खाली पहिलीची पोरं दचकायची.

एक रतीब कोकणातल्या कुणा माणसाचा होता. तो आपल्या विहिरीतल्या कासवाबद्दल लिहायचा. मी रुजू झाले त्याच्या कितीतरी आधीपासून त्यानं काही लिहिलेलं नव्हतं. मी म्हटलं, बाई, काढून टाका की, मेला असेल तो. त्या माझ्यावर चिडल्या. "गप हाय. गप हाय म्हंजे सांगण्यासारखं काय न्हाई. सांगण्यासारखं असलं की सांगंल. माझा गप राहणाऱ्यावर लय भरोसा हाय." तेव्हा मी हसले. नंतर ह्याच भरोशाचा मला इतका संताप आला की काय सांगू.

ग्रुपची गोष्ट सांगते, कारण लोक अर्धीच सांगतात. मुख्याध्यापकांचा फोनवरचा ग्रुप परभणीच्या कार्यालयातल्या साहेबांनी काढलेला. त्यात सकाळी गुलाबाची फुलं, दुपारी कुठल्यातरी साहेबांचा वाढदिवस, त्याखाली केकची रांग, आणि त्या केकच्या मधे कुठंतरी ‘आजच माहिती सादर करावी’. ती माहिती शोधायला गेलं की वर फुलं, खाली केक. एकदा बाईंना दुपारी वर्गातून उठवून कुणीतरी सांगितलं, की सकाळी आलेल्या आदेशाचं उत्तर तुमच्या शाळेचं राहिलंय. त्यांनी तिथंच उभ्यानं लिहिलं, ‘आदेश कार्यालयाच्या संकेतस्थळावर टाकावेत. मी तिथं रोज येते. इथं येणार नाही.’ आणि ग्रुप सोडला. साहेबांना तो अपमान वाटला. मला सांगा, ह्यात वेडेपणा कुणाचा? आदेश काढायची जागा ठरलेली असताना तो केकांत लपवणाऱ्याचा, की ठरलेल्या जागी वाट बघणाऱ्या बाईंचा?

आता खरी गोष्ट.

आमच्या गावातली निम्मी घरं दसऱ्यानंतर ऊस तोडायला जातात ती पाडव्याच्या आसपास परत येतात. मागं पोरं राहावीत म्हणून हंगामापुरतं वसतिगृह असतं. पोरं शाळेतच राहतात, गावातलीच एखादी बाई सैपाक करते, रात्री शिक्षकांपैकी कुणीतरी मुक्कामाला थांबतं. त्यासाठी कार्यालय दर साली नोटीस काढतं, शाळेनं मुदतीत प्रस्ताव द्यायचा. आमचं वसतिगृह दोन-तीन सालं छान चाललं होतं. त्यात वैष्णवी नावाची एक पोरगी होती, त्या साली सातवीत गेलेली. गणितात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. बाई तिच्याशी बोलायच्या ते बरोबरीच्या बाईशी बोलावं तसं.

वैष्णवीची आई पावसाळ्यातच येऊन सांगून गेली होती. "मोठ्या बाई, वस्तिगृह झालं तर पोरीला ठेविते. न्हाई झालं तर तरण्या पोरीला कुणाच्या भरोशावर टाकून जाऊ? संगं न्यावं लागंल." ह्याचा अर्थ आम्हा दोघींना माहीत होता. सातवीतली पोरगी एकदा ऊसतोडीच्या टोळीबरोबर गेली की धाकट्या भावाला सांभाळते, भाकरी थापते, मोळ्या बांधते. परत आली की वर्ग पुढं गेलेला असतो. मग पुढच्या साली ती येत नाही आणि त्याच्या पुढच्या साली तिच्या लग्नाची पत्रिका येते. असल्या पत्रिका आमच्या शाळेत मी पाहिल्या आहेत.

बाई रोज जिन्यात बसून नोटिशीची वाट बघत होत्या. कार्यालयाचा रतीब येत होता. बदल्यांची यादी आली, कसलीशी निविदा आली, झाडं लावा आलं. वसतिगृहाचं काही आलं नाही.

श्रावण सरला आणि परभणीच्या बाजारात मला शेजारच्या गावचे एक सर भेटले. सहज म्हणाले, आमच्या वसतिगृहाचा प्रस्ताव गेला. दुसऱ्या दिवशी स्कूटी लावायच्या आधी मी जिन्याकडं गेले. बाई शांत होत्या. "रतीब आला न्हाई म्हंजे नोटीस निघाली न्हाई," म्हणाल्या. "त्यांनी आगाऊच दिला असंल. मागं एकदा मी बी असाच ऐकीव बातमीवर दिला होता. नमुना बदललाय म्हणून वापस आला."

"बाई, एक फोन तरी करा."

"फोनवर सांगितलेलं उद्या कुणी कबूल करत न्हाई."

मी स्वतः संकेतस्थळ उघडून बघितलं. वरून खाली, सगळी यादी. ‘हंगामी वसतिगृह प्रस्ताव मागविणेबाबत’ होतं, पण ते पार खाली, गेल्या सालच्या तारखेला. म्हणजे जुनंच. बाईंचं बरोबर निघालं. तरी माझं मन काही लागेना. मी रोज टोचत राहिले, आणि बाई रोज तेच एक उत्तर देत राहिल्या. शेवटी एका सोमवारी मी म्हटलं, तुम्ही नाही आलात तर मी एकटी परभणीला जाते, किरकोळ रजा टाकून. तेव्हा उठल्या.

कार्यालयाचं नाव मी घेत नाही. संकेतस्थळ बघणारा बाबू भला माणूस होता, त्यानं आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या. म्हणाला, "नोटीस कवाच टाकली की बाई. मुदत बी संपली."

"कुठं टाकली?"

त्यानं पडदा आमच्याकडं वळवला आणि खाली, खाली, खाली गेला. तीच गेल्या सालची ओळ. तीच जुनी तारीख. त्यावर बोट दाबलं, आणि आत नवीन सालची नोटीस. नवा नमुना, नवी मुदत. मी बघतच राहिले. बाहेरून जुनं, आत नवं.

"मग नवीन का न्हाई टाकलं?" बाईंनी विचारलं. आवाज अजून साधा होता.

"नवीन टाकायचं म्हणलं की फाईल साहेबांपुढं ठेवावी लागती. साहेब तवा दौऱ्यावर. जुन्यात दुरुस्ती करायला कुणाची परवानगी लागत न्हाई. म्हणून आमी जुन्यातच बदलतो." त्यानं हे इतक्या निर्मळ मनानं सांगितलं, की शिवी सुद्धा सुचेना. "लिंक बी तीच राहती, लोकायला सोपं जातं. आन् ग्रुपवर कळवलं होतं की."

बाईंनी डोळे मिटले. त्यांना सगळं कळलं होतं, मला ते परतीच्या वाटेवर कळलं. फीड फक्त नवीन टाकलेलं सांगतं. जुन्याच्या पोटात कुणी गुपचूप बदल केला, तर बऱ्याचदा ते बिचारं काही बोलत नाही. बाईंचा रतीब गप बसला तो ह्यामुळं. बाबू, साहेब, फाईल, दौरा, ह्या सगळ्यांच्या सोयीत आमच्या पोरीचं साल बुडलं.

आम्ही साहेबांकडं गेलो. बाईंनी लॅपटॉप उघडून त्यांच्यापुढं ठेवला. बाईंच्या ॲपमध्ये गेल्या सालची नोटीस आली तशी पडून होती, गेल्या सालच्या मजकुरासकट. "साहेब, ही तुमची गेल्या सालची नोटीस. नवीला बी हिचाच पत्ता, हिचीच तारीख. ह्या साली तुमी नोटीस काढलीच न्हाई. जुनी पुसून तिच्यात नवी लिहिली. जी काढलीच न्हाई तिची मुदत कशी संपती?"

साहेबांनी मुद्दा ऐकला असता तर ते साहेब कसले. ते लॅपटॉपकडं बघत होते. "आमच्या साइटवरून काढून टाकलेलं तुमच्याकडं कसं काय?" म्हणाले. "साइट हॅक करता का तुम्ही?"

"तुमीच पाठवलं."

"आम्ही कशाला पाठवू?"

"साहेब," बाई म्हणाल्या, "रतीब घालणार तुमी, आन् दूध माझ्या घरात सापडलं म्हणून चोर मी?"

बाबूनं तोंडावर रुमाल धरला. साहेबांचा चेहरा बदलला. भाषा सांभाळा म्हणाले. ग्रुप सोडल्याची आठवण काढली, शिस्तीबद्दल बोलले, आणि शेवटी म्हणाले की मुदत संपली ती संपली, पुढच्या वर्षी बघू. तेव्हा मी मधे तोंड घातलं. म्हटलं, साहेब, पुढच्या वर्षी तुम्ही असाल, मी असेन, ही खुर्ची असेल, ती पोरगी शाळेत नसेल. साहेबांनी घंटी वाजवून शिपायाला बोलावलं. आम्ही उठून बाहेर आलो.

टपरीवर दुधाचा चहा आला तो बाईंनी तसाच पिला. कप खाली ठेवून म्हणाल्या, "चूक माझी बी हाय."

"हाय," मी म्हटलं. मी तेव्हा इतकी पेटले होते की लाजभीड राहिली नव्हती. "मी सांगितलं होतं तुमाला. एक फोन केला असता तर काय बिघडलं असतं?"

त्यांनी मान हलवली. मोठ्या बाई उलट बोलत नाहीत हे बघून मला आणखीच वाईट वाटलं.

ह्या तक्रारीवर कार्यालयानं काय केलं ते ऐका. त्यांनी फीड बंद केलं. सुरक्षेच्या कारणास्तव, असं खाली लिहिलं. जुन्यात बदलायचं बंद केलं नाही, बाईंना ज्याच्यातून ते कळलं तेच बंद केलं. मग पुढच्या साली पेरण्या झाल्यापासून बाई दर सोमवारी पेडगावहून गाडी पकडून स्वतः कार्यालयात जायच्या, बाबूच्या टेबलापुढं उभ्या राहायच्या आणि "आज काय बदललं?" एवढंच विचारून परत यायच्या. वसतिगृह पुढच्या साली झालं. पण ते पुढच्या साली.

त्या साली मात्र दसरा झाला आणि मुकादमाचा ट्रक गावात आला. भांडी, पोती, कोंबड्यांचं डालगं, आणि बोचक्यावर धाकट्या भावाला मांडीवर घेऊन वैष्णवी. शाळेचा गणवेशच होता अंगावर, कारण तो तिचा सगळ्यात चांगला कपडा. बाई शाळा सोडून तिथं आल्या आणि वैष्णवीच्या बापाला म्हणाल्या, "फोन द्या तुमचा."

"काय घालायलात बाई ह्याच्यात?"

"रतीब लावायलेय. तुमाला कायच करायचं न्हाई. उसाची गाडी कारखान्याच्या काट्यावर वजनाला लागली की तिथं रेंज मिळंल, धडा आपसूक उतरून घेईल. मग कोपीवर रेंज नसली तरी वाचता येतं. सांजच्याला फोन फकस्त पोरीच्या हातात द्यायचा."

"नेट लय खाईल का?"

"नुसती अक्षरं हायेत. एका फोटोएवढं बी न्हाई."

कोपी म्हणजे उसाच्या पाचटाची झोपडी, टोळीतले लोक तिच्यात राहतात. तिथं पोचणारा रतीब बाईंनी आदल्या दोन दिवसांत उभा केला होता. शाळेच्या नावानं एक फुकटचं संकेतस्थळ, त्याला फीड. जन्मभर दुसऱ्याचं आणून वाचणाऱ्या बाई पहिल्यांदाच काहीतरी टाकायला लागल्या. रोज एक धडा, छोटासा. धड्याची सुरुवात ठरलेली, ‘वैष्णवी, आणि आणखी जे कोणी वाचत असतील ते. आधी हात धुवा.’ मग अपूर्णांक, नाहीतर इतिहास, नाहीतर एखादा प्रयोग, जो पाचटानं आणि पाण्यानं करता येईल.

शिक्षकांत ही बातमी गेली तेव्हा काय हशा. एका पोरीसाठी संकेतस्थळ. बाईंचं डोकं फिरलंय. हसणाऱ्यांपैकी एकानंही कधी टोळीवर गेलेल्या पोरीला एक ओळ पाठवली असेल तर मी कान धरते.

आणि बाईंचे हाल मी डोळ्यांनी बघितले. कोण पितंय हे घालणाऱ्याला कळत नाही, ह्याचं ज्यांना कौतुक होतं, त्या आता रोज धडा टाकून जिन्यात बसून राहायच्या. पोचला का, वाचला का, बापानं फोन विकला का, काही कळायला मार्ग नाही. बापाचा नंबर लागायचा नाही. लागला तर मागं ट्रॅक्टरचा आवाज, आणि "हाय बरी, हाय बरी" एवढंच. तरी बाईंनी एक दिवस चुकवला नाही. तापात सुद्धा धडा टाकला, त्यात आधी हात धुवा होतंच.

पाडव्याच्या आसपास टोळ्या परतल्या. वैष्णवी दुसऱ्याच दिवशी शाळेत आली. काळी पडलेली, हातावर उसाच्या पात्यांचे चरे. बापाचा फोन ओढणीत गुंडाळून आणला होता. म्हणाली, "मोठ्या बाई, घ्या परीक्षा."

बाईंनी सातवीच्या वर्गात, सगळ्यांपुढं घेतली. मी दारात उभी होते. अपूर्णांक आले, शेकडेवारी आली, इतिहासही आला. बाईंचा आवाज प्रत्येक उत्तराला चढत होता, तो त्यांचा आनंद होता. मग फळ्यावर त्रिकोण काढला आणि क्षेत्रफळ विचारलं. वैष्णवीनं झरझर लिहिलं, पाया गुणिले उंची.

"भागिले दोन कुठं गेलं?"

"तुमी सांगितलंच न्हाई की."

"सांगितलं हाय." बाईंनी लॅपटॉप आणवला, तो धडा काढला. भागिले दोन होतं. वैष्णवीनं फोन काढला, तोच धडा काढला. भागिले दोन नव्हतं. दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. तीच तारीख, तेच आधी हात धुवा, आणि एकात दोन आहे, एकात नाही.

बाई खाली बसल्या. आता मलाही लगेच कळलं. धडा टाकताना त्या विसरल्या होत्या. नंतर कधीतरी ध्यानात आलं, तेव्हा जुन्यातच बदललं होतं. ते कोपीवर कधी पोचलंच नाही.

पोरगी मात्र फोनकडंच बघत होती. "बाई, कोपीवर आमी लय पोरी होतो. बीडकडच्या, हिंगोलीकडच्या. समद्या मिळून वाचायचो. त्यांच्या बापांच्या फोनवर बी मी रतीब लावून दिलाय. त्या आता आपापल्या गावाला गेल्या." मग म्हणाली, "त्यांनी बी असंच पाठ केलंय. मीच करून घेतलंय."

म्हणजे कोण पितंय ते शेवटी कळलं, आणि कळलं ते असं.

"मग नवीन का न्हाई टाकलं, बाई?" वैष्णवीनं विचारलं.

कार्यालयात बाबूला बाईंनी विचारलेलं वाक्य हेच. पोरीला ते माहीत असायचं कारण नव्हतं. मी दारातून बाईंकडं बघितलं. मला वाटलं, आता ह्या काहीतरी सांगतील. घाई होती म्हणतील, रेंज नव्हती म्हणतील, आपण मोठी माणसं पोरांना सांगतो तसलं काहीतरी.

"लाज वाटली गं," बाई म्हणाल्या. "नवीन टाकलं असतं तर सगळ्यांना चूक दिसली असती."

वैष्णवीनं ते सहज ऐकून घेतलं. "मंग आता टाका की. आपसूक जातंय समद्यांकडं."

बाई भर तासाला उठल्या आणि लॅपटॉप घेऊन जिन्याकडं गेल्या. थोड्या वेळानं माझ्या फोनवर आलं. मीही रतीब लावलेला होता. ‘दुरुस्ती. ही नवीन टाकलेली आहे, जुन्यात बदललेली नाही. त्रिकोणाचं क्षेत्रफळ म्हणजे पाया गुणिले उंची, भागिले दोन. भागिले दोन लिहायला मी विसरले आणि नंतर कुणाला न सांगता घातलं. चूक माझी आहे, वैष्णवीची नाही. ज्यांनी चुकीचं पाठ केलं त्यांनी पुन्हा करावं. ह्याला मुदत नाही.’

वैष्णवी सातवी पास झाली, आठवीला पेडगावला जायला लागली. बाई निवृत्त होऊन वालूरला गेल्या. शाळेचा रतीब आता मी घालते. आणि त्या कार्यालयाच्या बंद पडलेल्या रतिबाचा पत्ता मी अजून माझ्या फोनमधून काढलेला नाही. बाईंनी एका पोरीपुढं जे कबूल केलं, त्यातलं एखादं वाक्य कधी तिकडून येतं का, हे मला बघायचंय. तिकडचे अजून तरी गप आहेत.